कोरा चौकोन

धरणात नद्यांमधून किती गाळ येतो आणि तो कुठे बसतो, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते. नकाशावर सगळा तळ तपकिरी होतो, पण तीन वर्षं एक चौकोन कोराच राहतोय. चार वेळा तपासून मी हात टेकले आणि होडीतून खोली मोजणाऱ्या नावाडीकाकांना गाठलं.

"गणित बरोबर आहे, ताई. बाकीकडे पुरुषभर चिखल, पण तिथे वजन सोडलं की खाली फरशीच लागते."

"तिथे काय होतं?"

"माझ्या थोरल्या बहिणीचं घर. पाणी चढलं तेव्हा सगळे निघालो. ती म्हणाली, 'व्हा पुढे, एवढं झाडून येते.'"

ते घर मी गणितात घातलेलंच नव्हतं.

यंदा त्या चौकोनातून एक कोरी वाट निघाली आणि थेट धरणाच्या भिंतीला भिडली. भिंतीपलीकडे आमचं ऑफिस.

आज आठवडाभराच्या सुट्टीनंतर मीच कुलूप काढलं. टेबलांवर, फरशीवर धुळीचा थर होता. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत मात्र लख्ख झाडलेलं होतं, आणि फरशी अजून ओली होती.