वरचे तीस

“हे आकडे तीस मिळवून लिहिलेस ना?” डॉक्टरांनी वहीत डोकावत सहज विचारलं. आठ दिवसांची सुट्टी संपवून ते नुकतेच दवाखान्यात आले होते. तेवढे दिवस पेशंट त्यांच्या लेकीने तपासले होते, नव्या डॉक्टरीणबाईंनी.

“कसले तीस?”

“अगं, बीपीचं मशीन कमी दाखवतं. जुनं झालंय. आधी पाच मिळवायचो, मग दहा. हल्ली तीस. दर महिन्याला मित्राच्या मशीनशी ताडून बघतो मी, उगाच नाही.”

“पण काटा तर शून्यावर असतो, बाबा!”

“असणारच. तिथे काट्याला अडवणारी खिळी आहे, आणखी खाली जाणार कुठे?”

“आणि हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“सगळ्यांना.” ते जरा थांबले. “म्हणजे, मला.”

मशीन दुरुस्तीला दिलं की चार दिवस अडायचं, म्हणून ते राहून गेलं होतं. मनातल्या मनात बेरीज करायला असं काय लागतं? डॉक्टरांचा आकडा कधी चुकला नव्हता, याचा त्यांना केवढा अभिमान! सुट्टीला जाताना मात्र मशीन मागे ठेवून डोकं तेवढं ते सोबत घेऊन गेले.

लेकीने वहीची पानं उलटली. एकतीस पेशंट. कालचा शेवटचा पेशंट बस चालवणारा होता. मान आखडलेली, डोकं दुखतंय म्हणाला. एकशे बेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. ‘झोप कमी पडतेय, बिनधास्त कामावर जा,’ असं तिने त्याला हसून सांगितलं होतं. आता तिने दोन्हींत तीस मिळवले. एकशे बहात्तर, एकशे अठरा. तिने लगेच वहीतला त्याचा नंबर फिरवला.

फोन त्याच्या बायकोने उचलला.

“ते गाडीवर गेलेत. फोन घरीच ठेवतात. सकाळी डोकं धरून बसले होते, आज नको म्हणत होते. मीच पिटाळलं. म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी तपासलंय ना, आता नाटकं पुरे.”

डॉक्टरांनी हात पुढे केला. “दे इकडे, मी बोलतो.”

तिने फोन दिला नाही.

“हॅलो?” पलीकडून बाई म्हणाली. “काही नाहीये ना हो त्यांना? तुम्ही परत एकदा सांगा, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.”