कंडक्टरची शेड

"सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," कंडक्टर म्हणाला, "पण मुलानं मला हाताला धरून दुकानात नेलं आणि म्हणाला, बाबा, बागेत शेड घ्यायचीय. तुम्हाला आवडेल तीच घ्यायची."

न्हाव्याचा वस्तरा शिंप्याच्या गालावर क्षणभर थांबला. कंडक्टरनं नोकरीभर तिकिटं फाडली आणि निवृत्तीनंतर थापा मारल्या. तो आल्याशिवाय या दुकानात सकाळचा पेपरसुद्धा कुणी उघडत नसे. स्वतःची दाढी आटोपली तरी तो बाकावरच बसून राही. घरी जायची त्याला कधी घाई नसायची.

"तुला विचारलं?" शिंपी फेसातून म्हणाला. "तुझ्या घरात पडद्याचा रंगसुद्धा तुला कुणी विचारत नाही."

"म्हणून तर म्हणतो, विश्वास बसायचा नाही."

मुलानं विचारलं, एवढं मात्र खरं होतं. त्यामुळेच सांगताना जीभ जड होत होती. खोटं कसं, उतारावरच्या बससारखं आपलं आपण जातं. कंडक्टरनं मांडीवर थाप मारली आणि गाडी सोडली.

पत्र्याची शेड त्यानं बघताक्षणी नापास केली. उन्हाळ्यात तवा, थंडीत बर्फ. प्लॅस्टिकची म्हणजे उंदराचा एका दुपारचा खाऊ. राहिली लाकडी. तिची फळी न् फळी त्यानं बोटांनी वाजवून पाहिली, होणाऱ्या जावयाची चौकशी करावी तशी. आणि दुकानदाराला ठणकावून सांगितलं, खाली विटा घालून तळ वीतभर उचलायचा. नाहीतर ओल चढते आणि गुडघे धरतात.

"कुणाचे गुडघे?" न्हावी म्हणाला. "कुदळीचे?"

"माझे! वाकून हत्यारं उचलायला काय तुझा सासरा येणार आहे?"

दुकान हसलं. कंडक्टरला चेव आला. सूनबाईनं तर स्वतः टेप लावून लांबी मोजली. सहा फुटांच्या आत चालणारच नाही म्हणाली.

"फावडं सहा फुटांचं?"

"दांड्यासकट!"

आणि निगा म्हणाल तर लेकराची कुणी ठेवणार नाही अशी. पावसाआधी जवसाच्या तेलाचे दोन हात. छपराला डांबर. पन्हळीतला पाचोळा रोजच्या रोज. तेल इतकं पाजलं, इतकं पाजलं, की एक चोर भिंतीला हात लावायला गेला तो घसरला, तो थेट चौकीच्या पायरीवर जाऊन थांबला. खांब इतके जिवंत, की त्यांना पालवी फुटली. सूनबाई सकाळी आधी शेडला पाणी घालते, मग नवऱ्याला चहा देते. आणि दाराची कडी? ती तेवढी या कुलूपवाल्याच्या दुकानची, म्हणून फुंकर मारली की उघडते.

कोपऱ्यातल्या कुलूपवाल्यानं पेपर तोंडासमोर आणखी वर धरला. सकाळपासूनची ही तिसरी कोटी त्याच्यावर.

"थापा!" शिंपी म्हणाला. "शेडबिड काही नाही याच्याकडे. असेल एखादं खोकं, त्यात दोन कुंड्या."

"मग जाऊनच बघू," न्हावी म्हणाला. "दुपारी दुकान बंद केलं की येतो मी."

कंडक्टरनं घाईघाईनं हात हलवला. "आज नको. रंग ओला आहे."

"आत्ता तर तेल म्हणालास."

"तेलावर रंग."

"मग उद्या."

"उद्या... मधमाश्यांनी पोळं केलंय दारावर. माणूस ओळखत नाहीत त्या."

पुन्हा हशा झाला, पण हा हशा वेगळा होता. कंडक्टरला तो चांगला ठाऊक होता. विनातिकीट प्रवासी सापडला की सगळी बस अशी हसते. आजवर तो नेहमी तिकिटाचा पंच हातात घेऊन उभा असायचा. आज खिसे त्याचेच चाचपले जात होते. शेड खोटी ठरली तर उद्यापासून त्याचं काहीच खरं ठरणार नव्हतं. आणि हा बाक गेला, तर सकाळी उठून जायचं कुठे?

"विचारा याला!" तो ताडकन उठला आणि त्यानं कुलूपवाल्याच्या पेपरवर बोट आपटलं. "हाच आला होता की कडी बसवायला! सांग रे, आहे की नाही शेड?"

सगळे कुलूपवाल्याकडे वळले. त्यानं पेपराची सावकाश घडी घातली.

"आहे," तो म्हणाला. "लाकडी आहे. विटांवर आहे. खिडकी आहे. तेलही पाजलंय. खोटं कशाला बोलू, शेड झकास आहे."

शिंप्याचं तोंड एवढंसं झालं. न्हाव्यानं वस्तरा कपाळाला लावून सलाम ठोकला. "मानलं बुवा, कंडक्टर!"

इथे उठून चप्पल पायात सरकवली असती, तर कंडक्टर राजासारखा बाहेर पडला असता. पण जिभेला ब्रेक असता तर तो ड्रायव्हर झाला असता.

"शेड झकासच," तो छाती काढून म्हणाला. "कडी तेवढी रडकी. बसवणारा तसा, त्याची कडी तशी!"

दुकान खदखदून हसलं. कुलूपवाल्याचे कान लाल झाले.

"बरं झालं आठवण केलीस," तो म्हणाला. "तेव्हाच विचारणार होतो. कडी दाराच्या आतल्या बाजूनं कशाला बसवून घेतलीस रे? तुझी फावडी काय रात्री आतून कडी लावून झोपतात?"