काळ्या दगडामागचा

"पंपाची जागा बदलू नकोस गं. हे मासे घासासाठीसुद्धा बीळ सोडत नाहीत," मत्स्यालयात आधी हे मासे सांभाळणाऱ्या मावशींनी निवृत्त होताना तिला बजावलं होतं. "मावशी, एवढं शिकले ते काय उगाच?" म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं.

वाम मासे वाळूत शेपटी रोवून, अर्धं अंग बाहेर काढून, पंपाच्या प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणारं खाणं टिपत डुलायचे. पंप मागच्या भिंतीला, त्यामुळे बघायला आलेल्या पोरांना नुसत्या पाठी दिसायच्या. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिनं पंप पुढे बसवून घेतला. सगळी तोंडं काचेकडे वळली. पोरं खूश, साहेबही खूश.

आज, तीन आठवड्यांनी, डाव्या कोपऱ्यात काळ्या दगडामागे तिला एक डोकं दिसलं. अंग लोकरीच्या धाग्याएवढं. दगडानं त्याचा प्रवाह अडवला होता. खाणं चार बोटं अंतरावरून वाहत जात होतं आणि तो तोंड उघडून बसला होता. जागचा हलला मात्र नव्हता.



पंपवाल्या काकांना बोलावून तिनं पंप तासाभरात मागे नेला. मग लांब नळीनं खाणं थेट त्याच्यासमोर सोडलं. हाताची सावली पडली नि तो सुळकन आत गेला. ती हात पाण्यात धरून तशीच उभी राहिली.

"ताई, सत्तरातला एक. किती जिवाला लावून घ्याल?" काका म्हणाले.

"बाकीचे एकोणसत्तर जेवलेत हो."

दुपारी ओल्या हातानंच तिनं घरी फोन लावला.

"पोर पिऊन गाढ झोपलंय," सासूबाई म्हणाल्या. "आजचा पाचवा फोन हा तुझा! तू जेवलीस का, ते सांग आधी."

"हो," ती म्हणाली. डबा पिशवीतच होता.

सहा वाजले. बीळ रिकामंच दिसत होतं. उद्या तिची सुट्टी, बाळाला लस द्यायची होती. तिनं वहीचं पान फाडलं आणि काचेवर चिकटवलं:

'डावीकडे, काळ्या दगडामागे एक लहानगा आहे. काचेला हात न लावता पाच मिनिटं उभे राहाल का? डोकं बाहेर आलं, तर तिकीट खिडकीवरच्या बाईंना सांगा. त्या मला कळवतील. नाही आलं, तरी सांगा.'