वरून दिसणारं शहर

“त्रेबिन्येवरून नको,” रादोमान म्हणाला. “खालून जाऊ. समुद्राच्या कडेने.”

त्याचा जुना मित्र वुकोता याच्या गॅरेजात मोटारसायकलच्या सीटवर नकाशा पसरला होता. निक्शिचहून दुब्रोवनिकला जायला दोन वाटा. एक डोंगरातून, त्रेबिन्ये गावावरून, थेट त्या शहराच्या डोक्यावर उतरते. दुसरी किनाऱ्याची, लांबची, पर्यटकांच्या बसमागे रखडवणारी. ज्याच्याकडे मोटारसायकल आणि थोडी अक्कल दोन्ही आहेत, तो उन्हाळ्यात दुसरीचं नाव काढत नाही.

“बाबा, सीमेवरच अर्धा दिवस जाईल,” इस्क्रा म्हणाली. “आणि व्लाहोचा अख्खा मोटारसायकल क्लब आपल्याला घ्यायला वरच्या नाक्यावर येणार आहे. त्यांना काय सांगू? आम्ही मागच्या दाराने येतोय?”

“पाहुण्याला नाक्यावर गाठायचं, पुढे गाड्या घालून घरापर्यंत न्यायचं, ही रीत आहे रे,” वुकोता म्हणाला. “पोरीची सोयरीक ठरवायला निघालोय आणि रुसून बसलाय कोण, तर पोरीचा बाप!”

वुकोताला कारण माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो थट्टा करत होता.

देश फुटून लढाई पेटली त्या वर्षी रादोमान एकवीस वर्षांचा होता. गणवेश अंगावर चढवून त्याला दुब्रोवनिकला वेढा घालणाऱ्या फौजेत, शहराच्या वरच्या डोंगरात नेऊन बसवलं होतं. शहर काही पडलं नाही, आणि तो खाली कधी उतरला नाही. घरी त्याने एवढंच सांगितलं होतं, लढाईत होतो. कुठे, ते पोरीने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आणि जगात इतकी शहरं असताना हिचं मन जडलं ते नेमकं तिथल्या पोरावर, या व्लाहोवर. मोटारसायकलींच्या मेळाव्यात भेटला म्हणे. नशिबालाही चेष्टा करायला माणसं बरोबर सापडतात.

ही पोरगी म्हणजे त्याचं सर्वस्व होतं. जाऊ नको म्हणायचं त्याला धाडस नव्हतं, आणि तिला कळलं तर, या भीतीने त्याला गेले काही आठवडे अन्न गोड लागत नव्हतं.

तेवढ्यात इस्क्राचा फोन वाजला. पडद्यावर व्लाहोचं हसरं तोंड आलं, आणि लगेच ते बाजूला सारून त्याची आई. बाईंचं नाव निके. केस पांढरे, आवाज खणखणीत.

“कुठे आहेत तुझे बाबा? दाखव की जरा!”

इस्क्राने फोन वडिलांसमोर धरला.

“नमस्कार,” निके म्हणाली. “तुमच्यासाठी वरची खोली काढून ठेवलीय. वारा छान येतो. मासे खाता ना? की तुम्हा डोंगरातल्या लोकांना मटणाशिवाय घास उतरत नाही?”

“मासेही खातो,” रादोमान म्हणाला आणि हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. बाई त्याला आवडल्या. त्यांच्या घरात इस्क्रा सुखात राहील असं त्याला मनापासून वाटलं.

“आधी कधी आला होतात का आमच्या गावात?”

प्रश्न साधाच होता. पाहुण्याला कोणीही विचारतं. नाही म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता, आणि वुकोता त्याच्याकडे बघून मान हलवत होता, म्हण, नाही म्हण.

“आलो होतो,” रादोमान म्हणाला. “वरपर्यंत.”

“वर कुठे?” इस्क्राने विचारलं.

निकेने तसं विचारलं नाही. तिच्या वयाच्या माणसाला ते विचारावं लागत नाही.

“थांबा,” ती म्हणाली. “मी गच्चीवरच आहे. कुठे होतात, ते दाखवा मला.”

फोन तिकडे फिरला. लिंबाच्या कुंड्या दिसल्या, दोरीवरचे कपडे, लाल कौलं, मग डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचा किल्ला. इतकी वर्षं रादोमानने ते शहर वरूनच बघितलं होतं, झोपेतसुद्धा. डोंगर खालून इतका जवळ दिसतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

“तो किल्ला नाही,” तो म्हणाला. “उजवीकडे. अजून उजवीकडे. जास्त झालं, जरा डावीकडे. आता थोडं खाली.”

आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. डोळ्याला दुर्बीण लावून मागच्या तोफांना नेम देताना तो टेलिफोनवर हेच सांगत असे, ह्याच आवाजात. न चढणारा, न उतरणारा आवाज. त्याने जीभ चावली, पण बोलून झालं होतं.

वुकोताने कॉफीचे कप उचलले आणि परत तिथेच ठेवले. इस्क्रा फोनकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती.

“हं. ती बोडकी टेकडी,” पलीकडून निके म्हणाली. ती दिसत नव्हती, फक्त टेकडी दिसत होती. “त्या दिवसांत आमचे हे रोज सकाळी इथे उभे राहून तिकडे हात करायचे. मी जिन्यातून ओरडायचे, अहो, खाली या. तर म्हणायचे, दुर्बीण लावून बसलेलं असेल कोणीतरी पोरगंच. हात करणारं माणूस दिसलं की थांबेल ते.”

वाऱ्याने दोरीवरचा कपडा मध्ये आला आणि गेला.

“तुम्हाला दिसायचे का हो ते?”

इस्क्राचा हात भरून आला असणार, पण तिने फोन खाली घेतला नाही.

“दिसायचे,” रादोमान म्हणाला.