डोळ्यांसमोर फोडलेलं पाकीट

मांडीवरची पिशवी घट्ट धरून दामूअण्णा दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसले होते. बायको गेल्यापासून दाढ ठणकत होती, पण एकट्याने यायचा धीर होत नव्हता. आताही उठून पळावंसं वाटत होतं.

तरुण डॉक्टरीणबाईंनी एक बंद पाकीट त्यांच्यासमोर धरलं. "काका, ही खूण बघा. गुलाबीची तपकिरी झालीय, म्हणजे आतली अवजारं वाफेत नीट तापलीत. फोडू?"

"मला कशाला विचारता?" अण्णांना नवल वाटलं.

"आम्ही सगळ्यांनाच विचारतो. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम आहे. त्यांच्याकडे एक बाई यायच्या. पाकीट डोळ्यांसमोर फोडल्याशिवाय तोंडच उघडायच्या नाहीत. सासरे आधी चिडायचे, मग म्हणाले, बाईंचं बरोबर आहे."

"कोण हो त्या?"

"नाव नाही माहीत. चूळ भरायला घरून पितळी पेला आणायच्या म्हणे. पण दवाखान्यात अजून त्यांचंच चालतं."

अण्णांनी पिशवीतून पितळी पेला काढला आणि बेसिनजवळ ठेवला.

"घरीही अजून तिचंच चालतं," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.