एका खुर्चीपुढे दोन नावं

उपायुक्त मॅडमनी रजिस्टर उघडलं, तशी शिपाई सुपडूनानांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मेहरूणमधल्या महापालिकेच्या अभ्यासिकेत खुर्च्या चाळीस आणि रजिस्टरात नावं एकोणऐंशी. प्रत्येक खुर्चीपुढे एक निळ्या शाईतलं नाव, एक लाल. फक्त एकोणचाळीस नंबरची एकाच नावाची. तिच्यावरचा पंखा असा कुरकुरतो, की दुसरा कोणी तिथे टिकत नाही.

"नाना, एका खुर्चीवर दोघं बसतात?"

"दोघं नाही मॅडम. बाराला बदलतात."

निनावी तक्रार आली होती. शिपाई एकाची खुर्ची दुसऱ्याला देतो, असं तीत लिहिलं होतं, आणि त्यात काना-मात्रेचंही खोटं नव्हतं. नियम स्वच्छ होता: एका उमेदवाराला एक खुर्ची, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. त्या हिशेबानं लाल शाईतली नावं आज कापली जाणार होती. नानांची झाली तर बदली झाली असती. उद्या दुसऱ्या दारापाशी स्टूल टाकून बसले असते. पण लाल नावांमध्ये असोद्याचा कुंदन होता, सतरा नंबरचा. त्याची वनरक्षकाची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती आणि घरी सहा माणसांत एक खोली. त्याला दुसरं दार नव्हतं.

इथे येण्याआधी नाना अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह फिरवत होते. टाकी एक, गल्ल्या बावीस. ज्याला त्याला पाळीनं पाणी. अशा नोकरीत माणसाला खोड लागते. भरलेलं भांडं वाहताना दिसलं, की हात शिवशिवतात. अभ्यासिकेत आल्यावर पहिला आठवडा त्यांनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसत्या खुर्च्या वाचल्या. नाजमीन सकाळी आठला येते आणि बाराला उठून वडिलांच्या दुकानावर बसते, म्हणजे ते जेवायला जातात. कुंदन पहाटे केळीच्या कापणीवर, मग सव्वाअकराच्या बसनं इकडे, नंबर नाही म्हणून पायरीवर. बारानंतर नाजमीनच्या खुर्चीवर बसतं कोण? तर तिचं दप्तर. दप्तराची कुठलीच परीक्षा नसते, असं म्हणून नानांनी दुसऱ्या सोमवारी लाल पेन विकत आणलं होतं.

मॅडमनी त्या लाल नावांवर आपलं पेन रोखलं, आणि तेवढ्यात बारा वाजले.

कोणी कोणाला हाक मारली नाही. नाजमीननं ओढणीच्या टोकानं टेबल पुसलं, एक कागद डब्याखालून काढून मधोमध ठेवला आणि चपला घातल्या. कुंदन आत आला. हात धुतलेले, पण सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तिला वाट देऊन तो त्याच खुर्चीवर बसला. दोन मिनिटांत अख्खी खोली बदलली. खुर्ची एकही वाजली नाही. मॅडमच्या स्वतःच्या कचेरीत जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हा यापेक्षा जास्त धूळ उडायची.

मॅडम सतरा नंबरपाशी गेल्या आणि तो कागद उचलला. त्यावर कुंदननं काल सोडवलेलं गणित होतं. खाली वेगळ्या अक्षरात लिहिलेलं: 'कुंदनभाऊ, सातव्या ओळीत वजाबाकी चुकली. पुन्हा करा, उद्या बघते.'

मॅडमनी कागद होता तसा परत ठेवला. रजिस्टराकडे आल्या आणि बराच वेळ पानं उलटत राहिल्या. नाना भिंतीला टेकून उभे. विनवणी करायची कशी, हे त्यांना अठ्ठावीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांचीच विनवणी करायची.

"सहानंतर काय असतं इथे?" मॅडमनी विचारलं.

"कुलूप."

"म्हणजे दोन पाळ्यांचा हिशेब बसवला आणि तिसरी वाया घालवताय?"

लाल नावांवर पेनचा एकही ओरखडा नव्हता, हे नानांनी आधी पाहून घेतलं. मग खिशातून चौघडी केलेला कागद काढला. पायरीवर बसून नंबराची वाट पाहणारी एकतीस नावं, हिरव्या शाईत. प्रत्येकापुढे खुर्चीचा नंबर आणि वेळ सहा ते नऊ.

"हे कधी केलं?"

"गेल्या महिन्यात," नाना म्हणाले, आणि पुढचं त्यांच्या अहिराणीत आलं. "खाली तुमच्या सहीपुरती जागा सोडेल शे, मॅडम."