नवे चमचे

मुलगी बघायला आलेले पाहुणे पलंगावर बसले, पोहे वाढून झाले, आणि विमलताईंना आठवलं की नवे चमचे पलंगाखालीच आहेत. सकाळी घाईत त्यांनी रद्दी, इस्त्रीचे कपडे, मिक्सर, सगळंच तिथे ढकललं होतं आणि पसारा दिसू नये म्हणून चादर जमिनीपर्यंत सोडली होती.

"रोजचे वाकडे चमचे देऊ या," त्या पुटपुटल्या.

पण लेक सरळ बाहेर गेली. मुलाच्या आईला म्हणाली, "काकू, जरा पाय वर घेता? चमचे खाली राहिलेत."

विमलताईंनी डोळे मिटले.

काकूंनी स्वतःच चादर उचलली. वाकून बराच वेळ पाहिलं.

"आमचा बॉक्सचा पलंग आहे, म्हणून दिसत नाही," त्या म्हणाल्या. "झाकण लावायला दोघांना वर बसावं लागतं."

सकाळपासून पहिल्यांदाच विमलताई खाली टेकल्या.